गोगलगाईचीं अंडीं : त्यांची ओळख व शोध

सोयाबीन उगवून चार दिवस झाले, सकाळीं शेतावर जावें, आणि तासांत रोपांऐवजीं नुसतीं बुडखीं उभीं दिसावीं, असा प्रसंग मराठवाड्यांतील पुष्कळ शेतकरी बंधूंवर २०२२ च्या खरिपांत आला. लातूर, बीड आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, या तीन जिल्ह्यांत शंखी गोगलगाईनें कोवळें पीक इतकें खाल्लें कीं, कित्येकांस दुबार पेरणी करावी लागली. पंचनामे झाले; शासनानें मदतही दिली. आमची सारी नोकरी महसुलाच्या दप्तरांत गेली असल्यामुळें पंचनामा म्हणजे काय हें आम्हांस चांगलें ठाऊक आहे. झालेल्या नुकसानीची ती नोंद होय. तिनें गेलेलें रोप परत येत नाहीं, व मृगाची गेलेली ओलही परत येत नाहीं. गोगलगाईच्या बाबतींत खरा पंचनामा करावयाचा तो तिच्या अंड्यांचा. आणि तो तलाठ्यानें नव्हे, तर शेताच्या मालकानें खुरपें हातीं घेऊन करावयाचा असतो.

परंतु येथेंच अडचण येते. गोगलगाय सर्वांच्या ओळखीची आहे, तिचें अंडें फारच थोड्यांच्या. बाजारच्या दिवशीं चार मंडळी बसलीं म्हणजे एकच प्रश्न वारंवार निघतो कीं, मातींत सांपडलेलीं पांढरीं अंडीं गोगलगाईचींच कशावरून? हा प्रश्न रास्त आहे. कारण अंडीं ओळखतां न आल्यामुळें कोणी तीं तशींच मातीआड करून पुढें जातो, तर कोणी पांढरें दिसेल तें ठेंचून सरड्याच्या आणि गांडुळाच्या वंशावर हात चालवितो. दोन्हीं रीतींनीं तोटा शेतकऱ्याचाच. म्हणून या विषयाची कांहींशी सविस्तर माहिती येथें देत आहों.

प्रथम त्या प्राण्याविषयीं थोडें. मोठी शंखी गोगलगाय मूळची आपल्या देशाची नव्हे. तिचें माहेर पूर्व आफ्रिका. १८४७ सालीं बेन्सन नांवाच्या एका इंग्रज शंखशास्त्रज्ञानें मॉरिशस बेटांतून तिचे जिवंत नमुने कलकत्त्यास आणले व पुढें ते चौरंगी भागांतील एका बागेंत सोडले गेले. कौतुकानें सोडलेला हा पाहुणा आज देशाच्या बहुतेक उष्ण व दमट भागांत घरधनी होऊन बसला आहे. तिचा शंख उंच व टोकदार असून त्यास सात ते नऊ वेढे असतात. रंग तपकिरी, वर फिकट उभे पट्टे. पूर्ण वाढीचा शंख आपल्या शेतांत बहुधा तीन-चार इंच भरतो. याहून पुष्कळ मोठेही शंख इतरत्र आढळले आहेत. शंखाच्या तोंडाला कायमचें झांकण नसतें, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें पाण्यांतील गोगलगाईविषयीं लिहितांना तिचा उपयोग होणार आहे. उन्हाळ्यांत ती मातीच्या भेगेंत, दगडाखालीं किंवा पाचटांत शिरते, तोंडावर पांढरट पापुद्रा ओढून घेते आणि पाऊस पडेपर्यंत निपचित पडून राहते. हा पापुद्रा म्हणजे झांकण नव्हे. ओल लागतांच तो गळून पडतो.

या जातींत नर आणि मादी असा भेद नाहीं. प्रत्येक गोगलगाईच्या अंगीं दोन्ही धर्म असतात, त्यामुळें दोघींचा संयोग झाला म्हणजे दोघीही अंडीं घालूं शकतात. शिवाय एकदां मिळालेलें बीज ती अंगांत कित्येक महिने सांठवून ठेवते व सोयीप्रमाणें पुढें वापरते. रोपवाटिकेंतून आणलेल्या कलमाच्या मातींतून एकटी गोगलगाय मळ्यांत आली तरी वंश सुरू होऊं शकतो, तो यामुळेंच. एका खेपेस ती शंभरापासून चारशेंपर्यंत अंडीं घालते, आणि अनुकूल हवेंत वर्षांत अशा अनेक खेपा होतात. हिशेब करून पाहा : बांधाच्या एका कोपऱ्यांत दहा मोठ्या गोगलगाई आहेत व प्रत्येकीनें एका खेपेस दोनशें अंडीं घातलीं असें धरलें, तर दोन हजार अंडीं झालीं. त्यांतील शेंकडा पांच पिलेंच जगलीं असें मानलें तरी दहांच्या शंभर होतात, आणि हें एका खेपेंत! सावकाराच्या वहींतील व्याजसुद्धां या चालीनें वाढत नाहीं.

आतां अंड्याकडे वळूं. शंखी गोगलगाईचें अंडें टपोऱ्या ज्वारीच्या दाण्याएवढें, म्हणजे सुमारें चार ते पांच मिलिमीटर लांब असतें. आकार किंचित् लांबट गोल. रंग दुधासारखा पांढरा किंवा फिकट पिवळसर. ज्यांनीं उपवासाच्या दिवशीं भिजविलेला साबुदाणा पाहिला आहे, त्यांस याहून जवळचा दाखला देतां येणार नाहीं. मात्र साबुदाणा चेंपतो. या अंड्याला चुन्याचें पातळ, ठिसूळ कवच असतें, त्यामुळें नखाखालीं धरून दाबलें तर तें प्रथम कट्कन् फुटतें व मग आंतील चिकट पाणी बाहेर येतें. अंडीं एकएकटीं कधींच नसतात. मऊ, ओलसर मातींत दोन-तीन इंच खोल खळगा करून त्यांत सर्व अंड्यांची एक रास घातलेली असते, आणि वरून माती लोटलेली असते. खुरप्यानें ढेंकूळ उलटतांच ती रास पसाभर मोत्यांसारखी उघडी पडते.

तीं कोठें शोधावीं हें गोगलगाईच्या सोयीवरून ठरतें. तिला ओल हवी, सावली हवी आणि हलवाहलव नको. म्हणून भर वावरांत, जेथें कोळपें फिरतें, तेथें अंडीं क्वचित् मिळतात. बांधाच्या पायथ्याला, विशेषतः उत्तरेकडील सावलीच्या अंगाला, रचून ठेवलेल्या तुराट्यांच्या व पऱ्हाटीच्या ढिगाखालीं, उकिरड्याच्या कडेला, विहिरीच्या थारोळ्याजवळ, उंसाच्या पाचटाखालीं, केळीच्या बुडाशीं, ठिबकच्या नळीला जेथें गळती असेल तेथें, दगडाच्या ताली असल्यास त्यांच्या सांध्यांत. रात्रीं गोगलगाय चालली असल्यास सकाळीं तिच्या शेंबडाची वाळलेली रुपेरी रेघ दिसते. ही रेघ जेथून निघते व जेथें परत जाते, त्या टोकापाशीं प्रथम उकरावें. शेतभर खणीत बसण्यापेक्षां अर्धा तास रेघा वाचण्यांत घालविलेला बरा.

यानंतर सारखेपणाचा घोटाळा. खरिपाच्या आरंभीं मातींत पांढऱ्या रंगाच्या इतक्या वस्तु असतात कीं, घोटाळा न होईल तरच नवल. हुमणीचें अंडें पुष्कळ अंशीं याच मापाचें व पांढरें असतें, आणि तेंही पहिल्या पावसानंतरच सांपडतें. पण हुमणीचा भुंगेरा अंडीं राशीनें घालीत नाहीं. पिकाच्या मुळांजवळ, बोटभर किंवा त्याहून अधिक खोल, एकएक अंडें सुटें सुटें सांपडतें, आणि त्यावर चुन्याचें कवच नसून तें मऊ असतें. हुमणीही शत्रूच, म्हणून तीं नष्ट केलीं तरी हरकत नाहीं. मात्र त्यावरून गोगलगाईचा उपाय सुरू करूं नये. सरड्याचीं अंडीं पांढरीं खरीं, पण लांबट, अर्ध्या इंचाच्या आसपास, आणि कवच चिवट कातड्यासारखें. दाबलें असतां खळगा पडतो, कट्कन् फुटत नाहीं. सरडा दिवसभर किडे वेंचून खाणारा बिनपगारी राखणदार आहे. त्याचीं अंडीं मातीनें झांकून ठेवावीं. गांडुळाची कोशिका तर अंडें म्हणून ओळखूंच येत नाहीं. ती बारीक लिंबाच्या आकाराची, दोन्ही टोकांस निमुळती, रंगानें पिवळसर-तपकिरी असून एकएकटी पडलेली असते. तिला हात लावूं नये. मुंग्यांच्या वारुळांतील पांढऱ्या दाण्यांजवळ मुंग्या धांवपळ करतातच, तेव्हां तेथें शंकेला जागा नाहीं. आणि सर्वांत हसूं येण्यासारखा घोटाळा युरियाच्या दाण्यांचा! पेरणींत सांडलेला युरिया ओल्या मातींत थोडा वेळ राहिला तर तो हुबेहूब अंड्यांसारखा दिसतो.

शेंबडी गोगलगाय, म्हणजे जिच्या पाठीवर शंख दिसत नाहीं ती, भाजीपाल्याच्या वाफ्यांत पुष्कळ आढळते. तिचीं अंडीं पारदर्शक असतात. कांचेच्या मण्यांत पाणी भरावें तशीं. त्यांचा पुंजका लहान असतो, कवच मऊ असतें. हीही पिकाची वैरीणच, फरक एवढाच कीं, तिची धाड कोबी, पालक व रोपवाटिका यांवर अधिक.

शंका उरलीच तर दोन साध्या परीक्षा कराव्या. दाणा वाटींतील पाण्यांत टाकून ढवळावा; विरघळला तर तो युरिया. न विरघळल्यास दुसरा दाणा बशींत घेऊन त्यावर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकावे. कवच चुन्याचें असल्यास त्यावर बारीक बुडबुडे येऊं लागतात; हुमणीच्या किंवा सरड्याच्या अंड्यावर ते येत नाहींत. पालीच्या अंड्यालाही चुन्याचें कठीण कवच असल्यामुळें तेंही फेंसाळतें, परंतु तें वाटाण्याएवढें मोठें असतें व मातींतल्या राशींत नसून भिंतीच्या फटींत चिकटलेलें असतें.

शोधाची वेळ चुकली तर सारा खटाटोप व्यर्थ जातो. मृगाचा किंवा आर्द्राचा पहिला भरपूर पाऊस झाला म्हणजे निजलेल्या गोगलगाई जाग्या होतात, आणि त्याच वेळीं सोयाबीन, मूग, उडीद यांचीं दोन दळें मातीबाहेर येत असतात. पहिला घाला पडतो तो या मोठ्या, मागील वर्षींच्या गोगलगाईंचा. त्यांचा संयोग होऊन अंडीं पडतात तीं पुढील दोन-तीन आठवड्यांत. अंडीं फुटण्यास बहुधा एक ते दोन आठवडे लागतात. थंडी पडल्यास अधिक. फुटलेलें पिलूं प्रथम आपल्याच अंड्याचें कवच खातें, कारण त्याला शंख बांधावयास चुना हवा असतो, आणि कांहीं दिवस मातींतच राहून मग वर येतें. यावरून ध्यानांत येईल कीं, अंडीं शोधण्याचा पहिला मोसम पुनर्वसु व पुष्य नक्षत्रांचा, म्हणजे इंग्रजी जुलै महिन्याचा. दुसरा मोसम उत्तरा व हस्ताचा. आणि आमच्या मतें हा अधिक महत्त्वाचा, जरी त्या वेळीं पीक काढणीस आलेलें असल्यामुळें गोगलगाईकडे कोणी पाहत नाहीं. परतीच्या पावसांत घातलेल्या अंड्यांतून निघालेलीं पिलें हिवाळ्या-उन्हाळ्यांत मातींत दडी मारतात व पुढल्या मृगांत तींच उठून पेरणी खातात. पुढल्या वर्षींचें नुकसान यंदाच्या दसऱ्याच्या सुमारास मातींत पडून असतें.

सांपडलेल्या अंड्यांचें काय करावें? तीं ओलीशिवाय जगत नाहींत. कडक ऊन असेल तर खडकावर पसरून पायानें चेंचलीं कीं काम झालें. पावसाचे दिवस असतील तर साबणाच्या किंवा मिठाच्या दाट पाण्याच्या बादलींत टाकावीं. मोठ्या गोगलगाईंनाही तीच बादली. मीठ बादलींतच घालावें, शेतांत कधीं पसरूं नये. गोगलगाय मरेल, पण जमीन खारट होण्याचें दुखणें मागें राहील. मेलेला सर्व माल दोन-तीन फूट खोल खड्ड्यांत चुना टाकून पुरावा. कांहीं मंडळी वेंचलेल्या गोगलगाई नाल्यांत किंवा शेजाऱ्याच्या बांधापलीकडे फेंकतात. आमच्या नोकरींत हद्दीचे पुष्कळ तंटे पाहण्यांत आले, परंतु हद्द ओलांडण्यास जिला मोजणीदार लागत नाहीं अशी वादी हीच! नाल्यांतून ती खालच्या साऱ्या गांवाला पोंचते.

वेंचणीचें काम उघड्या हातानें करूं नये. उंदराच्या फुप्फुसांत राहणारा एक बारीक जंत आपल्या आयुष्याचा कांहीं काळ गोगलगाईच्या अंगांत काढतो, आणि तो माणसाच्या पोटांत गेल्यास मेंदूच्या आवरणाला सूज येते. हातांत रबरी मोजे किंवा निदान जाड पिशवी घालावी, काम झाल्यावर साबणानें हात धुवावे, आणि गोगलगाई फिरलेल्या वाफ्यांतील कोथिंबीर, मेथी, मुळा कच्चा खाण्यापूर्वीं पानन्‌पान स्वच्छ धुऊन घ्यावें. पोरांस शंख खेळावयास देण्याची चाल आहे; ती आतां बंद केलेली बरी.

वेंचणीस सोपें जावें म्हणून गुळाच्या पाण्यांत भिजविलेलीं गोणपाटें सूर्यास्ताच्या सुमारास सात-आठ मीटरांच्या अंतरानें अंथरावीं. रात्रीं गोगलगाई त्यांखालीं जमतात. सूर्योदयापूर्वीं पोतें उलटून वेंचून घ्यावें. हा उपाय एकट्यानें केला तर शेजारच्या गोगलगाईंस जेवणाचें आमंत्रण दिल्यासारखें होतें. एका शिवेंतील दहा-पंधरा खातेदारांनीं एकाच आठवड्यांत केला तर त्याचा गुण दिसतो. बांधाच्या कडेनें कोरड्या चुन्याचा चार बोटें रुंद पट्टा ओढण्याचीही शिफारस केली जाते. कोरडा, तिखट चुना तिच्या ओल्या अंगाला झोंबतो खरा, परंतु पावसानें भिजून विझलेल्या चुन्याचा तिला धाक राहत नाहीं. पट्टा ओढावयाचा तर उघाड पाहून, आणि पाऊस झाल्यावर पुन्हां.

विषारी औषधाविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे. मेटाल्डिहाइड या औषधाचीं अडीच टक्के प्रमाणाचीं गोळीदार आमिषें मिळतात, व एकरीं दोन किलो हें त्यांचें सर्वसाधारण प्रमाण आहे. तीं सायंकाळीं, जमीन ओली पण पाऊस थांबलेला असतां, बांधाच्या कडेनें व गोगलगाईंच्या वाटेवर टाकावीं. औषधानें गोगलगाय अंगांतील सारा शेंबूड सोडून वाळून मरते. परंतु अंड्यांवर या आमिषाचा कांहीं परिणाम होत नाहीं, कारण अंडें कांहीं खात नाहीं. हें साधें सत्य दुकानदार सांगत नाहीं. दुसरें असें कीं, तीं आमिषें कुत्र्यांस फार आवडतात व कुत्रीं त्यानें तडफडून मरतात. गुरें, शेळ्या व कोंबड्या यांसही तें विषच आहे. ज्या शेतांत गुरें सुटीं चरतात तेथें आम्ही या औषधाची शिफारस करीत नाहीं.

गोगलगाईला खाणारी दुसरी गोगलगाय आणून सोडावी, अशी एक युक्ति अधूनमधून कोणीतरी सुचवितो. अशी जात आहे. ती अमेरिकेंतील असून तिचा शंख गुलाबी झांकीचा असतो. १९५५ सालीं हवाई बेटांवर आणि १९७७ सालीं प्रशांत महासागरांतील मोरेआ बेटावर ती याच हेतूनें सोडण्यांत आली. तिनें मोठ्या शंखी गोगलगाईंचा बंदोबस्त केला नाहीं. त्या बेटांवरच्या, जगांत इतरत्र कोठेंही नसलेल्या, झाडांवरच्या लहान निरुपद्रवी गोगलगाई मात्र खाऊन संपविल्या. आपल्या सह्याद्रींतही अशा कित्येक जाती आहेत कीं ज्या दुसरीकडे सांपडत नाहींत. कोंकणांत व घाटमाथ्यावर बटणासारख्या चपट्या, चकचकीत शंखाच्या लहान गोगलगाई झाडीच्या पाल्यांत दिसतात. त्या बहुतांशीं कुजका पाला खाणाऱ्या आहेत. त्यांच्यामागें मिठाची बादली घेऊन लागण्याचें कारण नाहीं.

येथवर कोरडवाहूची गोष्ट झाली. पाण्यांतील गोगलगाईंचें प्रकरण वेगळें आहे, कारण त्या पिकावर नव्हे तर गोठ्यावर घाला घालतात. शहरांत रंगीत मासे कांचेच्या पेटींत पाळणाऱ्यांस पेटीच्या भिंतीला चिकटलेला चिकाचा ठिपका दिसला म्हणजे चिंता पडते. तोच ठिपका आपल्या तळ्यांत व भाताच्या खाचरांत शेंकड्यांनीं असतो, पण आपण पाहत नाहीं. समुद्रांत कांहीं बारीक गोगलगाई अशा आहेत कीं, दुसऱ्या शिंपल्याच्या अंगांत सोंड खुपसून त्याचा रस शोषितात. त्या स्वतःच परोपजीवी. आपल्या गोड्या पाण्यांतल्या तशा नाहींत. त्या स्वतः शेवाळ खाऊन राहतात. मात्र जनावरांच्या जंतांची ती धर्मशाळा आहे.

अशा धर्मशाळा मुख्यतः दोन. एकीचा शंख पातळ, मधाच्या रंगाचा, टोकदार, आणि तोंड मोठें व उजव्या अंगाला. तिचीं अंडीं पारदर्शक चिकाच्या लांबट पट्टींत, बोटाच्या पेराएवढ्या जागेंत, दहा-वीस-पन्नास ठिपके ओळीनें बसविल्यासारखीं दिसतात, व ती पट्टी कमळाच्या किंवा पाणगवताच्या पानाच्या खालच्या अंगाला चिकटलेली असते. दुसरीचा शंख एकाच पातळींत गुंडाळलेला, जिलबीसारखा चपटा. तिचीं अंडीं पिवळसर चिकाच्या चपट्या, गोलसर टिकलींत असतात. दोन्हींच्या अंड्यांस चुन्याचें कवच नाहीं, दोन्हीही पाण्याबाहेर पडलीं कीं सुकतात.

पहिली गोगलगाय यकृतांतील पानासारख्या चपट्या कृमीला आश्रय देते. रोगी म्हशीच्या शेणांतून कृमीचीं अंडीं पाण्यांत पडतात. हीं अंडीं डोळ्यांस दिसत नाहींत. गोगलगाईच्या अंड्यांशीं त्यांची गल्लत करूं नये. त्यांतून निघालेलें सूक्ष्म पिलूं एका दिवसाच्या आंत गोगलगाय गांठतें, नाहीं तर मरतें. गोगलगाईच्या अंगांत एकाचीं शेंकडों होतात, बाहेर पडून पोहतात, पाण्याच्या कडेच्या गवताला व भाताच्या ताटांना चिकटून कोश करतात, आणि तें गवत जनावरानें खाल्लें म्हणजे यकृतांत शिरतात. युरोपांतील मेंढ्यांच्या कृमीचा हा फेरा ऑक्सफर्ड येथें थॉमस आणि लाइपझिग येथें लॉयकार्ट या दोघांनीं स्वतंत्रपणें १८८१ ते १८८३ च्या दरम्यान उलगडला. आपल्याकडचा कृमि त्याहून मोठा, पण फेरा तोच. जनावर खंगतें, दूध आटतें, खालच्या जबड्याखालीं पाण्याची सूज येते. चपट्या शंखाची दुसरी गोगलगाय ज्या कृमींना आसरा देते, त्यांतील एक पाण्यांत उभ्या असलेल्या गुराच्या कातडींतूनच आंत शिरतो व नाकांत गांठी करून त्याला घोरावयास लावतो. मद्रासेकडे राव यांनीं १९३३ सालीं या कृमीचें वर्णन प्रसिद्ध केलें.

माणसांनीं हा रोग केवळ गुरांचा समजूं नये. रत्नागिरी जिल्ह्यांत गुहागर तालुक्यांत गिमवी नांवाचें गांव आहे. तेथील लोकांच्या लघवींत रक्त जाण्याचा रोग याच कुळांतील कृमीमुळें होतो, असें गाडगीळ व शहा यांनीं १९५२ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें त्याचा संबंध तेथील पाण्यांतील एका अगदीं बारीक, टोपीच्या आकाराच्या गोगलगाईशीं जोडला गेला.

एक गोष्ट मात्र स्पष्ट समजून घ्यावी. अंड्यांतून नुकतीच निघालेली गोगलगाय निरोगी असते. रोग तिला शेणांतून लागतो. तेव्हां चिकाची पट्टी दिसली म्हणजे रोग आला असें नव्हे, तर रोगाला उतरावयास जागा आहे एवढेंच समजावें. त्या पाण्याजवळ उकिरडा असेल तर तो आधीं हलवावा. गुरें पाण्यांत उतरविण्याऐवजीं हौदांतून पाजावीं, काठचें हिरवें गवत कापून गव्हाणींत टाकूं नये, आणि शंका आल्यास जनावरांच्या दवाखान्यांत शेण तपासून घ्यावें. औषध वर्षांतून केव्हां व किती द्यावयाचें तें तेथेंच ठरवून घ्यावें.

तळ्याकांठच्या ओल्या मातींत पांढऱ्या, गोल, कठीण कवचाच्या अंड्यांचा मोठा पुंजका सांपडला तर तो शंखी गोगलगाईचा म्हणून एकदम ठेंचूं नये. आपल्याकडील मोठी, घागरीसारख्या गोल शंखाची पाणगोगलगाय पाण्याबाहेर येऊन अशींच अंडीं घालते. जवळपास फिरणारी गोगलगाय उचलून पाहावी : शंखाच्या तोंडावर घट्ट बसणारें झांकण असलें तर ती देशी पाणगोगलगाय, झांकण नसलें आणि शंख उंच असला तर परदेशी. परंतु भाताच्या ताटावर किंवा पाण्याच्या वर उभ्या असलेल्या काठीवर गुलाबी रंगाचा, डाळिंबाच्या दाण्यांसारखा पुंजका कधीं दिसला, तर तो देशी जातीचा नव्हे. दक्षिण अमेरिकेंतील ही जात १९८० च्या सुमारास खाण्यासाठीं म्हणून तैवानांत आणली गेली आणि तेथून फिलिपाइन्ससारख्या देशांतील भातशेतीचा मोठा शत्रु बनली. असा पुंजका खरवडून चेंचावा, एक नमुना बाटलींत ठेवावा व लागलीच जवळच्या कृषि विद्यापीठास दाखवावा.

तळ्यांतील गोगलगाई मारण्यास मोरचूद टाकण्याची कल्पना मोहक आहे, परंतु तिनें मासेही मरतात. त्यापेक्षां बदकें सोडावीं. बदकें नसतील तर केळीचीं किंवा नारळाचीं हिरवीं पानें दोरीला बांधून काठालगत पाण्यांत सोडावीं. गोगलगाई व त्यांच्या अंड्यांच्या पट्ट्या त्यांवर जमतात. चौथ्या-पांचव्या दिवशीं, अंडीं फुटण्यापूर्वीं, दोरी ओढून पानें बाहेर काढावीं, पाण्यापासून दूर खडकाळ जागीं उन्हांत वाळूं द्यावीं, पूर्ण वाळल्यावर जाळून टाकावीं, आणि त्याच दोरीला नवीं पानें बांधून पुन्हां पाण्यांत सोडावीं.